प्लेन्सजवळचं कार्टरांचं शेतघर: जावं का, आणि काय बघावं?

शेवगा (धागाकर्ता)

जॉर्जियात पाहुणे आले की आपल्या मंडळींची यादी ठरलेली असते. अटलांटाचं मत्स्यालय, कोकाकोलाचं संग्रहालय, स्टोन माउंटन. त्या यादीत आणखी एक जागा घालावी असं मनापासून वाटतं, म्हणून हा धागा.

अटलांटाच्या दक्षिणेला अडीच-पावणेतीन तासांवर प्लेन्स हे गाव आहे. वस्ती पाच-सहाशे. तिथून पश्चिमेला अडीच मैलांवर, रेल्वेच्या रुळाला लागून आर्चरी नावाची वाडी होती. अमेरिकेचे ३९ वे राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर तिथे लहानाचे मोठे झाले. जन्म १ ऑक्टोबर १९२४ चा, प्लेन्सच्या दवाखान्यातला (दवाखान्यात जन्मलेले ते पहिले अमेरिकन राष्ट्राध्यक्ष). १९२८ मध्ये, जिमी चार वर्षांचा असताना, वडील अर्ल आणि आई लिलियन यांनी आर्चरीला बिऱ्हाड हलवलं. १९४१ मध्ये तो कॉलेजला गेला, तोवर हेच त्याचं घर. आता ते राष्ट्रीय उद्यान सेवेकडे आहे आणि कोणीही आत जाऊन बघू शकतं. तिकीट नाही.

या घराची मला आवडलेली पहिली गोष्ट म्हणजे ते नेमक्या एका काळात ठेवलंय. इथे वीज आली १९३८ मध्ये. घर लावलंय ते त्याच्या आधीचं. म्हणजे लाकडावरची चूल, कंदील, मागच्या दारी हातपंप, परसात संडास. १९३५ मध्ये अर्ल कार्टरांनी पवनचक्की बसवली, तेव्हा घरात नळ आला. न्हाणीघरातला शॉवर म्हणजे छताला टांगलेली, बुडाला भोकं पाडलेली बादली. पाणी थेट विहिरीचं, थंडगार. जिमीच्या खोलीत शेकोटी नाही, आणि चुलीपासूनही ती सगळ्यांत लांब. स्वतः कार्टरांनी आठवून आठवून सांगितलं की काय कुठे होतं, त्यावरून घर लावलेलं आहे. जागोजागी बटणं आहेत. दाबली की खुद्द कार्टरांच्या आवाजात त्या त्या जागेची हकिगत ऐकू येते.

अंगण बघून आपल्याला घरचं वाटेल. गवत नाही. पांढरट वाळूचं, झाडून लख्ख केलेलं अंगण. फांद्यांची केरसुणी करून ते झाडायचं काम मुलांकडे असे. गवत नसलं की साप चटकन दिसतो, हे त्यामागचं एक कारण.

पण मी हा धागा काढतोय तो दुसऱ्याच घरासाठी. त्याच आवारात, कार्टरांच्या घरापासून हाकेच्या अंतरावर, जॅक आणि रेचेल क्लार्क या कृष्णवर्णीय जोडप्याचं लहानसं घर आहे. जॅक शेतावरची जनावरं बघत आणि पहाट व्हायच्या तासभर आधी घंटा वाजवून सगळ्यांना उठवत. रेचेल कापूस वेचण्यात पंचक्रोशीत एक नंबर. आईवडील घरी नसले की जिमी क्लार्कांकडे झोपायला जायचा, जमिनीवर अंथरूण टाकून. रेचेलने त्याला मासे धरायला शिकवलं, झाडं-पाखरं ओळखायला शिकवलं. पुढे आठवणी लिहिताना कार्टरांनी आईवडिलांखेरीज आपल्यावर खोल ठसा उमटवणाऱ्या पाच माणसांची नावं दिली आहेत. त्यांतली दोनच गोरी आहेत. रेचेल क्लार्क उरलेल्या तिघांत.

नेत्याचं बालपण दाखवायचं तर त्याचा पाळणा आणि दौत-टाक मांडून भागत नाही. त्याला घडवणारी माणसं कुठे झोपत होती, काय खात होती, कुठल्या दाराने आत येत होती, हे दाखवावं लागतं. आर्चरीला ते दाखवलंय, म्हणून जा. कोणी जाऊन आलं असेल तर लिहा.

---

मोगरा

आम्ही गेलोय, आणि शंभर टक्के अनुमोदन. फक्त एक सांगते: जून ते सप्टेंबर नको. त्या भागात उकाडा तर असतोच, पण डोळ्यांसमोर घोंगावणाऱ्या बारीक चिलटांनी जीव नकोसा होतो. आमची लेक तर पदरात तोंड लपवून फिरत होती. मार्चअखेर किंवा ऑक्टोबर-नोव्हेंबर उत्तम. ऑक्टोबरात भुईमूग काढणी सुरू असते, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उपटून उलटे टाकलेले वेल दिसतात आणि सगळीकडे त्या मातीचा वास.

माती लाल आहे, आपल्या कोकणासारखी. पांढरे बूट घालून जाऊ नका.

---

काळीमाती

शेवगा, छान लिहिलंय. आम्ही धुळे जिल्ह्यातले, घरी भुईमूग असतो. कार्टर म्हणजे शेंगदाणेवाले अध्यक्ष एवढंच शाळेत ऐकलं होतं. तिथे शेतीचं काही दाखवतात का, की नुसतं घर? तेव्हा काढणी कशी करायचे? आणि कार्टर स्वतः शेतात राबले होते का? नेत्यांच्या बाबतीत हे जरा विचारूनच घेतलेलं बरं.

---

शेवगा

काळीमाती, राबले होते, आणि काय काय केलं ते बारकाव्यानिशी सांगून गेलेत. शेत तेव्हा सुमारे साडेतीनशे एकर होतं. कापूस, भुईमूग, मका, ऊस. आता त्यातला थोडाच भाग उद्यान सेवेकडे आहे, पण गोठा, लोहारशाळा, गाडीखाना आणि शेताचं दुकान जागेवर आहेत. हंगामात नमुन्यादाखल पिकंही लावतात.

भुईमूग उपटून, झटकून, उभ्या रोवलेल्या खांबाभोवती रचत. खाली आडव्या पट्ट्या ठोकायच्या, म्हणजे शेंगा जमिनीला टेकत नाहीत, आणि वर शंकूसारखी उडवी. काही आठवडे वाळू द्यायचं, मग मळणी. शेतभर असे खांब उभे असायचे.

तुम्हाला आवडेल अशी गोष्ट म्हणजे उकडलेल्या शेंगा. जिमी पाच-सहा वर्षांचा असल्यापासून हा उद्योग करी. शेतातून ओले वेल उपटून आणायचे, शेंगा तोडून धुवायच्या, रात्रभर मिठाच्या पाण्यात ठेवायच्या, पहाटे उकडायच्या. मग कागदाच्या वीसेक पुड्या, प्रत्येकी अर्ध्या पौंडाच्या, टोपलीत घेऊन रुळाच्या कडेकडेने प्लेन्सला चालत जायचं. पुडी पाच सेंटला. सगळ्या खपल्या की दिवसाला एक डॉलर. हा आकडा लक्षात ठेवा, कारण त्याच शेतावर राबणाऱ्या धडधाकट माणसाची दिवसाची मजुरीही तेव्हा डॉलरभरच होती.

कामांमधलं त्याला सगळ्यांत नकोसं वाटे ते कापसावर औषध लावणं. बोंडअळीसारखाच तिकडे बोंडावरचा भुंगा, त्याने दक्षिणेचा कापूस पार धुऊन नेला होता. त्यावर उपाय म्हणजे काकवी, पाणी आणि आर्सेनिक यांचं मिश्रण. फडक्याचा बोळा काठीला बांधायचा, बादलीत बुडवायचा आणि एकेका रोपाच्या शेंड्याला लावत जायचं. मुलांच्या विजारी काकवीने इतक्या कडक व्हायच्या की रात्री काढून ठेवल्या तर तशाच उभ्या राहायच्या. माश्या घोंगावायच्या त्या वेगळ्याच. आर्सेनिक, आणि ते लावायला लहान मुलं! आपल्याकडे यवतमाळात २०१७ साली कापसावर फवारणी करताना शेतकरी-मजूर दगावले ते आठवून मला तिथे उभं राहवलं नाही.

---

काळीमाती

ओल्या शेंगा मिठात उकडून! म्हणजे आमच्याच घरी जन्मले म्हणायचे. 🙏

खांबाभोवतीची उडवी आमच्या आजोबांच्या तोंडून ऐकली होती, थोडी वेगळी. जमिनीपासून उचलून रचणं हे मात्र बरोबर, नाहीतर अवकाळी आला की बुरशी धरते.

---

तळटीप

वेगळा सूर लावतो, राग मानू नका.

अशा घरांबद्दल मला नेहमी एक शंका येते. कंदील, हातपंप, परसातला संडास दाखवला की बघणारा म्हणतो, अरेरे, किती गरिबीतून वर आले! पण अर्ल कार्टर गरीब नव्हते. साडेतीनशे एकरांचे मालक होते, घराशेजारी टेनिसचं मैदान होतं (१९३० च्या दशकातल्या मंदीत, आर्चरीत!), स्वतःचं दुकान होतं आणि त्या दुकानातून त्यांचेच मजूर उधारीवर पीठ-मीठ-तंबाखू घेत. मालकाची जमीन, मालकाचं दुकान, मालकाचाच हिशेब. वर्षअखेरीस मजुराच्या हाती काय राहत असेल ते सांगायला नको. अर्ल वर्णभेद मानणारे होते हेही उघड आहे.

मग त्या घराचं कौतुक करताना आपण कोणाचं कौतुक करतोय? रेचेल क्लार्कचं घर आवारात आहे हे चांगलंच, पण ते मालकाच्या घराची सावली म्हणून आहे की स्वतःच्या हक्काने?

---

शेवगा

तळटीप, राग कसला. हाच प्रश्न पडावा अशीच ती जागा आहे.

गरिबीचं म्हणाल तर तिथे कोणी तसा आव आणत नाही. टेनिसचं मैदान झाकलेलं नाही, घराच्या अगदी बाजूला आहे, बघायला मिळतं. दुकानही उघडं आहे. फळ्यांवर डबे, बाटल्या, कामाचे कपडे मांडलेत. घरात जेवण चालू असतानाही कोणी दाराशी आलं की उठून दुकान उघडायला जावं लागे. मी क्लार्कांच्या घरातून निघून सरळ दुकानात गेलो, आणि तुम्ही म्हणता ते सगळं पायांनी कळलं. एक खोली, तिच्यात खाट, चूल, भिंतींना वर्तमानपत्रं. तिथून पंचवीस-तीस पावलांवर दुकान. तिथून तेवढ्याच अंतरावर जाळीचा ओटा असलेलं मालकाचं घर. हे अंतर चालल्याशिवाय मंदीच्या काळातली दक्षिण कळत नाही.

दारांबद्दल मी वर ओझरतं म्हटलं होतं, ते नीट सांगतो. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे कृष्णवर्णीय माणसाने गोऱ्याच्या घरी मागच्या दारानेच यायचं. आर्चरीत बिशप विल्यम जॉन्सन राहत. आफ्रिकन मेथडिस्ट चर्चचे मोठे धर्माधिकारी, तिथे त्यांनी कृष्णवर्णीय मुलांसाठी शाळा काढलेली, देशभर फिरणारे. त्या परिसरातला सर्वांत प्रतिष्ठित माणूस तोच. आता त्यांनी मागच्या दाराने यायचं हे त्यांच्या मानाला शोभेना, पुढच्या दाराने येणं अर्ल कार्टरांना चालेना. मग बिशप मोटारीतून यायचे, अंगणाबाहेर भोंगा वाजवायचे, आणि अर्ल बाहेर जाऊन झाडाखाली उभे राहून त्यांच्याशी बोलायचे. दोघांचाही मान राहिला आणि नियमही मोडला नाही!

बिशपांचा मुलगा आल्व्हन बोस्टनला शिकत होता. तो सुट्टीत आला की थेट पुढचं दार वाजवायचा, आणि लिलियनबाई त्याला आत बसवून गप्पा मारायच्या. अर्ल घरातून निघून जायचे.

आता त्या पुढच्या दारासमोर उभं राहून बघा. साधं जाळीचं लाकडी दार आहे.

---

जुनी_सनावळी

शेवगांनी दाराचं सांगितलं, मी फाटकाचं आणि खिडकीचं सांगते. दोन्ही प्रसंग कार्टरांनीच लिहून ठेवले आहेत.

जिमीचे सगळे सवंगडी कृष्णवर्णीय होते. आर्चरीत गोरी कुटुंबं होतीच मुळात एक-दोन. ए. डी. डेव्हिस हा जिवलग. कुस्ती, पोहणं, भांडणं, सगळं बरोबरीने. चौदा वर्षांचा असताना एकदा जिमी, ए. डी. आणि आणखी एक मित्र कुरणाच्या फाटकाशी आले. त्या दोघांनी फाटक उघडलं आणि बाजूला होऊन जिमीला पुढे जाऊ दिलं. त्याला आधी वाटलं, काहीतरी खोडी आहे, तार-बीर लावली असेल पाडायला. तसं काही नव्हतं. घरच्यांनी त्यांना सांगितलं असणार की आता मोठे झालात, आता गोऱ्या मुलाशी असं वागायचं. त्या दिवसापासून मैत्री पहिल्यासारखी राहिली नाही.

दुसरा प्रसंग जून १९३८ चा. अमेरिकेचा कृष्णवर्णीय जो लुई आणि जर्मनीचा गोरा मॅक्स श्मेलिंग यांची मुष्टियुद्धाची लढत. अर्लकडे रेडिओ होता. शेजारच्या कृष्णवर्णीय लोकांनी विचारलं, आम्ही ऐकायला येऊ का? अर्लनी रेडिओ खिडकीत ठेवला, मंडळी बाहेर अंगणात झाडाखाली. पहिल्याच फेरीत लुईने श्मेलिंगला लोळवलं. अंगणात चकार शब्द नाही. सगळ्यांनी अदबीने आभार मानले, रस्ता ओलांडला, रूळ ओलांडले, पलीकडच्या घरात शिरले, दार लावलं, आणि मग जो जल्लोष उठला तो रात्रभर.

मी इतिहास शिकवते. वर्णभेद या विषयावर कायदे, कलमं, खटले सगळं मुलांना सांगून होतं, पण हा प्रसंग सांगितला की वर्ग गप्प होतो. आणि ती खिडकी तिथे आहे, ते अंगण आहे, रूळ आहेत. अंतर मोजता येतं.

तळटीप, तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर: ते घर अर्ल कार्टरांचं समर्थन करत नाही आणि त्यांना लपवतही नाही. मुलगा बापावर जीव टाकत होता आणि बापाचं चूकही होतं, या दोन्ही गोष्टी तिथे शेजारी नांदतात. आपल्याकडच्या स्मारकांत हे फारच कमी बघायला मिळतं.

---

तळटीप

फाटकाचा प्रसंग माहीत नव्हता. धन्यवाद. वाचून थांबलो.

माझा आक्षेप मागे घेत नाही, पण त्याचा रोख बदलतो. १९७१ मध्ये जॉर्जियाचे गव्हर्नर म्हणून शपथ घेताना कार्टरांनी वंशभेदाचा काळ संपला असं जाहीर केलं. तोवर निवडणूक लढवताना त्यांनी गोऱ्या मतदारांना दुखावलं नव्हतं, हे त्यांचे चाहतेही मान्य करतात. हा ताण कुठून आला हे त्या आवारात दिसत असेल तर जागा बघण्यासारखी आहे खरी.

---

विक्रोळीकर

मंडळी, लिलियनबाईंचं नाव आलं आणि अजून विक्रोळी कशी आली नाही?

ज्या बाईने आर्चरीत बिशपांच्या मुलाला पुढच्या दाराने आत घेतलं, तीच बाई वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, १९६६ मध्ये, अमेरिकेच्या पीस कोअरमधून (परदेशांत स्वयंसेवक पाठवणारी सरकारी संस्था) आमच्या मुंबईतल्या विक्रोळीला आली. गोदरेज कॉलनीत राहिली. नवरा १९५३ मध्ये गेला, मुलं मोठी झालेली, बाईंनी अर्ज भरून टाकला. आधी कुटुंबनियोजनाचं काम दिलं होतं, ते त्यांच्या मनाला फारसं रुचलं नाही. मग दवाखान्यात परिचारिका म्हणून काम. कुष्ठरोग झालेल्या रुग्णांचीही सेवा केली. सुरुवातीला हात लावायला जीव धजत नव्हता, मग तेच रोजचं काम झालं.

१९६८ मध्ये परत गेल्या. १९७७ च्या फेब्रुवारीत राष्ट्रपती फक्रुद्दीन अली अहमद वारले, तेव्हा अंत्यसंस्काराला अमेरिकेकडून कोण आलं? नव्या राष्ट्राध्यक्षांची आई. आणि त्या दौऱ्यात बाई विक्रोळीलाही येऊन गेल्या. आमच्या आजीच्या तोंडून हे ऐकलंय. विक्रोळीत माणसं रस्त्याच्या कडेला उभी होती, आणि बाई ओळखीचे चेहरे शोधत होत्या असं ती सांगायची.

मला शेवगांना विचारायचंय: आर्चरीच्या घरात लिलियनबाईंचं काय दाखवलंय?

---

शेवगा

विक्रोळीकर, तुमच्या प्रतिसादासाठी हा धागा काढला असं आता वाटतंय.

लिलियनबाई परिचारिका होत्या आणि घरी फार कमी असत. वीस-वीस तासांची पाळी करायच्या. आर्चरीतल्या कृष्णवर्णीय घरांत बाळंतपण असो, न्यूमोनिया असो, त्याच जायच्या. पैशांऐवजी कोंबडी, अंडी, सरपण असं काही मिळे, किंवा काहीच नाही. जाताना पुढच्या खोलीतल्या काळ्या मेजावर मुलांसाठी चिठ्ठी ठेवायच्या: हे काम करा, अमुक वाजता जेवा. मुलं म्हणायची, आमची खरी आई म्हणजे ते मेज!

हे सगळं घर बघताना कळतं. ती बाई पुढे विक्रोळीला का आली हे मात्र वेगळं सांगावं लागत नाही. आर्चरीत जे करत होती तेच विक्रोळीत केलं, समुद्र ओलांडून. प्लेन्सच्या शाळेतल्या संग्रहालयात कुटुंबाबद्दल बरंच आहे, तिथेही बघा.

एक जोडून देतो. रोझलिन कार्टर, म्हणजे पुढे जिमीची बायको, यांचा जन्म १९२७ मध्ये प्लेन्सलाच झाला, आणि त्या बाळंतपणाला लिलियनबाईच होत्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी तीन वर्षांच्या जिमीला बाळ बघायला नेलं होतं.

---

मावळतीचं_ऊन

महाराष्ट्राशी आणखी एक धागा आहे. २००६ मध्ये कार्टर पतिपत्नी लोणावळ्याजवळ आठवडाभर घरं बांधायला आली होती. हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी ही संस्था, तिची सुरुवात प्लेन्सच्या शेजारच्या अमेरिकसची. शंभर घरांचा संकल्प होता, जगभरातून स्वयंसेवक आले होते. कार्टर तेव्हा ८२ वर्षांचे. फोटो काढून निघून जाणारे पाहुणे खूप बघितलेत, हा माणूस सकाळपासून विटा लावत होता. लोहारशाळेत आणि सुतारकामात लहानपणी हात बसलेला, तो तिथे दिसला. आर्चरीची ती लोहारशाळा आता बघायचीच.

---

देवरुखकरीण

रत्नागिरीला टिळक आळीत लोकमान्यांचं जन्मस्थान आहे. कौलारू, दुमजली, आजूबाजूला झाडी. राज्य पुरातत्त्व विभागाकडे आहे. २३ जुलै १८५६ चा जन्म, आणि १८६६ मध्ये शिक्षक वडिलांची बदली झाली म्हणून कुटुंब पुण्याला गेलं. म्हणजे जवळपास दहा वर्षांचं बालपण रत्नागिरीचं. त्या वास्तूवर आमचा फार जीव आहे, शाळेची सहल दरवर्षी तिथेच जायची.

पण हा धागा वाचून वाटतंय की तिथे मुलाला टिळक दिसतात, बाळ दिसत नाही. चित्रं आहेत, छायाचित्रं आहेत, पुढच्या आयुष्याच्या घटना आहेत. १८६० च्या सुमाराला रत्नागिरीतल्या मास्तरांच्या घरी चूल कशी होती, पाणी कोण भरायचं, कपडे कोण धुवायचं, मुलं कुठल्या कोनाड्यात पाटी ठेवायची, हे कोणी सांगितलं तर दहा वर्षांचं पोर तासभर हलणार नाही तिथून. वास्तू आहे, झाडं आहेत, विहीर-पाणवठे आहेत. काळ ठरवून ते घर लावायला हवं. आर्चरीचं '१९३८ च्या आधी' तसं इथे '१८६६ च्या आधी'.

---

तळटीप

+१. आणि देवराष्ट्र्याला यशवंतराव चव्हाणांचं आजोळ, जन्म तिथला. विठामाईंनी मुलं कशी वाढवली हे महाराष्ट्राने ऐकलंय, आता ते तिथे दिसायला हवं. नवऱ्याच्या माघारी कष्ट करून लेकरं शिकवणारी आई ही त्या घराची खरी गोष्ट आहे.

---

थेम्सकाठ

विद्यार्थिदशा चालत असेल तर लंडनचं किंग हेन्रीज रोडवरचं १० नंबरचं घर. डॉ. आंबेडकर १९२१-२२ मध्ये तिथे राहिले. २०१५ मध्ये महाराष्ट्र सरकारने विकत घेतलं. निवासी इमारतीत संग्रहालय नको म्हणून स्थानिक पालिकेशी वाद झाला, २०२० मध्ये परवानगी मिळाली. लंडनला आलात तर चुकवू नका. स्वतंत्र धागा काढेन.

---

मोगरा

थेम्सकाठ, नक्की काढा.

शेवगा, एक राहिलं. ४ जानेवारी २०२५ ला कार्टरांची अंत्ययात्रा अमेरिकसहून निघून प्लेन्समधून गेली तेव्हा (२९ डिसेंबर २०२४ ला गेले, वय १००) शववाहिनी या शेतघरासमोर थांबली होती. उद्यान सेवेच्या रेंजरांनी सलामी दिली आणि शेतावरची घंटा ३९ वेळा वाजवली. आम्ही टीव्हीवर बघत होतो. जॅक क्लार्कांची घंटा म्हणून लेकीला आधी सांगितलेलं होतं, ती उठून उभी राहिली.

---

काळीमाती

मोगराताई, वाचून अंगावर काटा आला.

आमचा पुतण्या अटलांटात आहे, पुढच्या वर्षी आई-दादांना घेऊन जायचा विचार आहे. दादांचं वय ७४, गुडघे दुखतात. जमेल का? आणि दिवसभराचं काय काय करावं?

---

शेवगा

जमेल. आवार सपाट आहे. पायऱ्या घराच्या ओट्याला तेवढ्या. बाकं आहेत, सावली आहे.

असा बेत करा. पहाटे निघून आधी प्लेन्सची जुनी शाळा गाठा. १९२१ ची इमारत, आता उद्यानाचं माहिती केंद्र आणि संग्रहालय. कार्टर आणि रोझलिन दोघंही तिथेच शिकली. ज्युलिया कोलमन या त्यांच्या बाई. काळाप्रमाणे बदला पण तत्त्वं सोडू नका, हे त्यांचं म्हणणं कार्टरांनी १९७७ च्या शपथविधीच्या भाषणात नावानिशी सांगितलं. दादा शिक्षक असतील तर वर्गातल्या बाकावर थोडा वेळ बसू द्या त्यांना.

मग रेल्वे स्थानक. १८८८ चं, लाकडी. १९७६ च्या प्रचाराचं मुख्य कार्यालय तिथे थाटलं होतं, कारण गावात रिकामी आणि न्हाणीघर असलेली तेवढीच जागा होती. समोरच्या दुकानांच्या रांगेत शेंगदाण्याचं आइस्क्रीम मिळतं. आईंना आवडेल.

दुपार टळली की आर्चरी. आधी बटणं दाबत घर बघा, मग दुकान, मग क्लार्कांचं घर. हा क्रम मुद्दाम सांगतोय. क्लार्कांकडे शेवटी गेलात की घाई होत नाही, आणि परतताना तेच अंतर चालत मागे येता. दादांना उडवीच्या खांबांचं विचारा, रेंजर आनंदाने दाखवतात. शेतकरी आहोत म्हणून सांगा, मग ते दुप्पट वेळ देतात.

आठवड्याच्या शेवटी कॉर्डीलहून एक पर्यटक रेल्वेगाडी येते, ती ठरावीक दिवशी थेट शेताशी थांबते. वेळापत्रक आधी बघून घ्या. नाहीतर ऐन वेळी पन्नास माणसं एकदम उतरतात आणि घरात पाय ठेवायला जागा राहत नाही.

---

विक्रोळीकर

काळीमाती, दादांना रेंजरशी बोलताना विक्रोळीचं नाव जरूर काढायला सांगा. आणि इथे विक्रोळीचे, कन्नमवारनगरचे, गोदरेजमधून निवृत्त झालेले कोणी असाल, किंवा तुमच्या घरच्या वडीलधाऱ्यांना १९६६ ते ६८ मधल्या दवाखान्यातल्या गोऱ्या नर्सबाई आठवत असतील, तर कृपया लिहा. त्या काळात कामावर असलेली माणसं आता ऐंशीच्या पुढे आहेत. मी येत्या रविवारपासून आमच्या जुन्या शेजाऱ्यांकडे बसून आठवणी रेकॉर्ड करायला घेतोय. चार-पाच जमल्या की उतरवून इथे टाकतो, आणि त्यांचं इंग्रजी करून प्लेन्सच्या संग्रहालयालाही पाठवायचा विचार आहे. भाषांतराला कोणी हात देईल का?

---

जुनी_सनावळी

मी देईन. व्यक्तिगत संदेश केलाय.